पडद्याशेजारचं स्टूल

अमरावतीत मी काही काळ सिनेमाचा नायक होतो. घोड्यावर बसून दरोडेखोरांचा पाठलाग केला, बुडत्या जहाजाच्या शिडाला लटकलो, सोनेरी केसांच्या एका बाईला जळत्या घरातून उचलून बाहेर आणलं. सगळं रविवारी सकाळी, जेवणाच्या आत. नायक लोक पैसे घेतात म्हणे. मी उलट द्यायचो. एक सिगारेटचं पाकीट. पडद्याशेजारच्या उंच स्टुलावर बसणाऱ्या माणसाच्या खिशात ते सरकवलं, की पिक्चर सुरू झाल्यावर भोंग्यातून त्याचा आवाज यायचा:

"हा जो घोडा दामटत येऊन राहिला ना, हे आपले कॉलेजातले प्रोफेसर होत. पोरायले इंग्रजी शिकवू शिकवू कंटायले, म्हणून डाकू मारायले निंगाले!"

हॉल खदखदायचा. मी लाजल्यासारखा चेहरा करायचो. अंधारात तो कोणाला दिसणार, हे लक्षात यायला माझे बरेच रविवार गेले.

स्टुलावरच्या माणसाचं नाव आनंदराव.

इंग्रजी पिक्चर तेव्हा अमरावतीला रविवारी सकाळी लागत. घोडे, आगी, मारामाऱ्या आणि बायका लोकांना आपोआप कळत. बोलणं कळत नसे. म्हणून टॉकीजचे मालक नंदलालशेठ यांनी एक 'सांगणारा' ठेवला होता. पात्रं बोलायला लागली की मशीनवाला आवाज खाली करी आणि आनंदराव माईकमधून वऱ्हाडीत गोष्ट सांगत. लोक खरं म्हणजे त्यांनाच ऐकायला येत. पडदा सोबतीला असे.

उंच, काटक, काळा माणूस. पांढऱ्या पँटीला अशी इस्त्री, की बसताना ती मोडू नये म्हणून ते स्टुलावर बसत नसत, नुसते टेकत. मे महिन्याच्या अमरावतीतही गळ्यात टाय. गालात खडीसाखर, आवाजासाठी. पिक्चर सुरू होण्याआधी खिशातल्या रुमालानं स्टूल पुसायचं, आणि तेही बसायची जागा नव्हे, पाय. "बसाची जागा स्वच्छ हाय, मले मालूम हाय," म्हणायचे, "पब्लिकले पाय दिसते." रागीट तर इतके की 'पुढं काय होते?' असं कोणी विचारलं तर त्या माणसाला मुद्दाम भलतंच सांगत.

त्यांचं स्टूल पडद्याच्या अगदी कडेला होतं. तिथून पडद्यावरची माणसं लांबुळकी आणि तिरपी दिसत. जगातले सगळे थोर नट-नट्या आनंदरावांनी असे तिरपेच पाहिले. समोरच्या खुर्चीत बसून पिक्चर पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. "ते तुमचं काम. पाहाचं."

नावं देण्याची पद्धत त्यांचीच. परदेशी नावं लोकांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून पडद्यावरच्या माणसांना ते हॉलमधल्या माणसांची नावं देत. कापडबाजारातले गोविंदशेठ दर दोन-तीन रविवारांनी राजा होत. टॉकीजच्या दारात हार-गजरे विकणारी सखुबाई माळीण एकदा इजिप्तची राणी झाली होती. त्यानंतर महिनाभर तिनं आनंदरावांकडून गजऱ्याचे पैसे घेतले नाहीत. राणीला नवरा असल्याचं मात्र तिला आवडलं नव्हतं. "तो मुडदा कायले आनला मधात?" ती विचारायची.

मी एकदा म्हटलं, "आनंदराव, नायकाला नाव द्या, खलनायकाला द्या. तो मागं पाणी वाहून नेणारा, त्याला कशाला?"

खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "प्रोफेसर, बिननावाच्या मानसाले गोळी लागली तं कोणाले काय वाटते? तो पाणीवाला नुसता असा आडवा होते न् पब्लिक शेंगा खात राह्यते. त्याले म्हना बरं, हा आपला इतवाऱ्यातला रामभौ. शेंगा थांबते का नाही पाहा."

तेव्हा मला हे गमतीचं वाटलं. मी वर्गात ते माझंच म्हणून सांगितलंसुद्धा.

त्यांच्या स्वतःच्या नावाचा मामला जरा तिखट होता. आईबापांनी ठेवलेलं नाव भिका. छप्पन्न साली भातकुलीकडच्या आपल्या गावातून ते नागपूरला गेले, दीक्षा घेतली, आणि परत येताना गाडीतच आनंद झाले. "आमच्यात असेच नाव ठेवत जी. भिका, कचरू, दगडू. जगाची नजर लागू नये म्हने लेकराले. जग कुठं पाहून राह्यलं होतं तसंही?" बौद्धवाड्यानं नवं नाव लगेच उचललं. टॉकीजनं नाही. एका रविवारी ऐन रंगात आलेल्या पिक्चरमध्ये नंदलालशेठनी मागच्या दारातून हाक मारली, "अरे भिक्या! आवाज जरा वाढव!"

भोंग्यातून शांतपणे उत्तर आलं, "भिका नावाचा मानूस या हॉलमंधी नाही. वारला तो. ज्याले मयतीले याचं असन त्यानं या."

हॉल हसून लोटपोट. नंदलालशेठही हसले. पण त्यानंतर त्यांनी हाक मारणं सोडून दिलं, नुसतं "ए!" म्हणायला लागले. आनंदही नको आणि भिकाही नको, असा तो शेठजींचा मधला मार्ग.

मी या सगळ्यात कुठून आलो? मी मूळचा परतवाड्याचा. नागपुरात एम.ए. झाल्यावर माझ्या 'मले'चं 'मला' झालं आणि मी अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो. आनंदरावांचं इंग्रजी जेमतेम. म्हणून शुक्रवारी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये पिक्चर आम्हा दोघांपुरता चालवत आणि मी त्यांना गोष्ट सांगे. आता कबूल करायला हरकत नाही, मला शेक्सपिअर समजे. घोड्यावरून बोलणारा अमेरिकन अजिबात समजत नसे. पण 'समजलं नाही' म्हणायला जी विद्वत्ता लागते ती माझ्याजवळ नव्हती. एका पिक्चरमध्ये एक तरुण आणि एक तरुणी एकाच घरात राहत होते आणि सारखे भांडत होते. मी ठामपणे सांगितलं, "भाऊ-बहीण आहेत."

रविवारी आनंदरावांनी अर्धा पिक्चर त्यांना भाऊ-बहीण म्हणून चालवलं. भाऊबीजसुद्धा करवली. आणि बागेत त्या भावानं बहिणीला जवळ ओढून असं काही चुंबन घेतलं की हॉलमध्ये हाहाकार उडाला. एक चप्पल पडद्यापर्यंत गेली. आनंदराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

"थांबा! थांबा बे! आताच्या आता तार आली हाय! दवाखान्यात पोरी बदलल्या होत्या म्हनते. हे याची बहीणच नोहे!"

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "प्रोफेसर, तुमचं इंग्रजी लय उच्च हाय. पन ते तिकडच्या लोकायले येत नाही वाट्टे."

आणि मग तो पिक्चर आला.

तो कुठल्या देशातला होता हे आता नीट आठवत नाही. बोलणं मागाहून इंग्रजीत भरलेलं होतं. महायुद्धात नाझींनी ज्यू लोकांचा जो संहार केला त्यावरचा. नंदलालशेठना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना पोस्टर ठाऊक होतं. पोस्टरवर काटेरी तारेमागं फाटक्या ब्लाऊजमधली एक बाई होती आणि खाली 'फक्त प्रौढांसाठी'. जाहिरातीचा मजकूर मी लिहून दिला होता: 'विश्वकरुणेचा महासागर! सहकुटुंब, सहपरिवार अवश्य पाहा!' दोन्ही मजकूर एकाच कागदावर छापून अमरावतीभर वाटले गेले. गावानं ठरवलं की 'सहकुटुंब' हे माझ्यासाठी आणि 'फक्त प्रौढांसाठी' हे गावासाठी.

शुक्रवारी आम्ही दोघं बसलो. यावेळी भाषांतराची फारशी गरज पडली नाही. एका गावात एक शिंपी, त्याची बायको, तरुण मुलगी. रात्रीचं जेवण, हसणं. मग हुकूम येतो की ज्यूंनी कपड्यावर पिवळी चांदणी लावायची. शिंप्याला अचानक भरपूर काम. गल्लीतले सगळे त्याच्याकडे येतात, तो सगळ्यांना चांदण्या शिवून देतो, चांगली घट्ट, दुहेरी टाक्याची. मग स्टेशन, आगगाडीचे मालाचे डबे, छावणी. मुलीवर एका पहारेकऱ्याचा जीव जडतो, तो तिला वाचवू पाहतो, तोवर तिचे आईबाप जातात, शेवटी तीही. आणि हे सगळं संपल्यावर दिग्दर्शकानं शेवटी खरी चित्रं जोडली होती. छावण्या उघडल्या तेव्हा सैन्याच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली. हाडांना कातडं चिकटलेली माणसं, काही उभी, बहुतेक आडवी. एकावर एक.

दिवे लागले तेव्हा आनंदरावांच्या गालात खडीसाखर नव्हती. त्यांनी ती हातात काढून घेतली होती आणि ती हाताला चिकटली होती.

"त्या चांदणीचं काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"ज्यू कोण ते दुरून ओळखू यावं म्हणून."

"हं." रुमालानं हात पुसत ते म्हणाले, "आपल्याइकडं शिवा लागत नाही. आडनाव इचारलं का झालं."

मी दिग्दर्शनाबद्दल काहीतरी बोललो. मी त्या काळात दिग्दर्शनाबद्दल फार बोलायचो. ते एकदम उसळले.

"कायचं दिग्दर्शन? त्या पोरीच्या ओठाची लाली पाह्यली? सहा महिने छावणीत उपाशी हाय, न् गाल पाहा. मेली तं केस कसे पसरले, जसे कोणी बसून विंचरले. न् ते वाजंत्री! आपल्याले रडू याच्या आंदीच ते पेटीवाले रडून मोकये. मंग पब्लिकनं काय करावं? पब्लिकचं काम तं त्यायनं करून टाकलं." मग आवाज उतरला. "शेवटचे होत ते खरे. लाली नाही, काही नाही. पन त्यायचे नाव कोणालेच मालूम नाही. ज्याचं खोटं मरण त्याले नाव, न् जो खरा मेला तो बिननावाचा. असा कसा पिक्चर काढला जी?"

उत्तर सुचलं असतं तर मी नक्की दिलं असतं, म्हणजे ते चुकीचंच असतं.

मशीनवाल्याला त्यांनी सांगून टाकलं की शेवटच्या रिळाला वाजंत्री पूर्ण बंद करायची. बाहेर पडताना म्हणाले, "आमच्या बुढ्याले, माह्या बापाले, चार भाऊ होते म्हने. पटकीत गेले. एकाच बैलबंडीत घालून नेले चौघायले. नाव इचारा, घरात कोणाले सांगता येत नाही. आज्याले येत असन, पन त्याले कोणी इचारलं नाही."

रविवारी हॉल खचाखच. पोस्टरवरच्या बाईसाठी आलेले तरुण पुढच्या बाकांवर. आनंदरावांनी ठरवलं होतं की आज विनोद नाही, नावं नाहीत. जे आहे ते सरळ सांगायचं. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हे एक शिंप्याचं घर हाय."

हॉल हसला.

त्यांनी थोडं थांबून सांगितलं, "हे लोक जेवून राह्यले." पुन्हा हशा. लोकांना वाटलं, गंभीर चेहऱ्यानं बोलायची ही आनंदरावांची नवी तऱ्हा आहे, आता कधी तरी फटाका फुटेल. ते वाट पाहू लागले, आणि वाट पाहणारा हॉल कशालाही हसतो. मालाच्या डब्यात माणसं कोंबताना कोणीतरी ओरडलं, "जागा हाय का बे आणखी?" आनंदराव गप्प झाले तर पुढच्या बाकांवरून आवाज, "बोल ना गा आनंद्या! झोपला का?" पहारेकरी मुलीच्या जवळ आला तेव्हा शिट्ट्या. शेवटचं खरं रीळ लागलं. वाजंत्री नव्हती, त्या शांततेत आनंदराव म्हणाले, "हे उपाशी हायेत."

बस. एवढं बोलले. आणि हॉल असा हसला, असा हसला, की मला त्या हसण्याची आजही शरम वाटते. त्यात मीही क्षणभर होतो. आवाजच तसा होता हो त्यांचा. इतकी वर्षं त्या आवाजानं आम्हाला हसवलं होतं, की तो कानात पडला की ओठ आपोआप फाकत.

नंदलालशेठ खूश. पुढच्या रविवारीही हाच पिक्चर. आमच्या प्राध्यापक मंडळींनी चहावर चर्चा केली. छायाप्रकाशाचा वापर श्रेष्ठ होता, पण सामान्य प्रेक्षक त्या पातळीवर पोचला नाही, असं सर्वानुमते ठरलं. सामान्य प्रेक्षक म्हणजे आम्ही सोडून.

आनंदराव आठवडाभर टॉकीजच्या पायरीवर बसून होते. "माह्या आवाजालेच हासते ते," मला म्हणाले. "मी उद्या माह्या मायच्या मयतीत रडलो तरी हासतीन. एक डाव, प्रोफेसर. एकच डाव मले हा हॉल चूप पाह्यचा हाय. मंग नोकरी गेली तरी चालन."

शनिवारी मात्र ते एकदम तरतरीत दिसले. टाय नवा. आणि दिसेल त्याच्याकडून सिगारेटी घेत होते. एरवी तीन-चार लोकांकडून घेत, त्या दिवशी जो देईल त्याच्याकडून. ज्यांच्याजवळ नव्हत्या त्यांना म्हणाले, "असू दे भाऊ, तुमचं फुकट घेतो." मीही पाकीट दिलं. एवढ्या गंभीर पिक्चरमध्ये आपण नायक असावं असं मला मनापासून वाटत होतं.

रविवारी पहिल्या दृश्यापासून जुने आनंदराव परत आले. "हे पाहा, हे आपले गोविंदशेठ! कापडाचा धंदा सोडून शिलाई मशीन घेऊन बसले. अन् हे त्यायची अर्धांगी. शेठजी, खरी घरी हाय, हे पडद्यावरची. घाबरू नोका!" हॉल लोळत होता. गोविंदशेठ स्वतः बाल्कनीत बसून मान डोलवत होते. चांदण्या शिवून घ्यायला येणारा प्रत्येक माणूस अमरावतीचा झाला. इतवाऱ्यातला रामभाऊ. जवाहर गेटचा पानवाला. बॅडमिंटन खेळणारे वकील. कोपऱ्यात पोराला कडेवर घेतलेली बाई म्हणजे सखुबाई माळीण. दारात उभी राहून ऐकणाऱ्या सखुबाईनं पदर तोंडाला लावला. गावाचं नाव घेतलं की गाव खूश होतं.

मी माझ्या नावाची वाट पाहत होतो. पहारेकरी देखणा होता. म्हटलं, आपणच असू बुवा. ते काम मला मिळालं नाही. स्टेशन आलं. फलाटावर नीट कापलेल्या मिशांचा एक स्टेशनमास्तर. घड्याळ पाहतो, डब्यांची दारं लागली का बघतो, हिरवी झेंडी दाखवतो आणि आत जाऊन कॉफी पितो. "हे," भोंगा म्हणाला, "हे आपले प्रोफेसर." झालं. एवढंच. अमरावतीतले सगळे ओळखीचे लोक त्या गाडीत चढले आणि मला मरणही मिळालं नाही. मला झेंडी मिळाली.

गाडी हलली आणि मग हॉलच्या लक्षात यायला लागलं की आनंदराव नावं बदलत नाहीत. छावणीच्या दारात गोविंदशेठ डावीकडे, त्यांची बायको उजवीकडे. "शेठजीनं मागं पाह्यलं. बाईनं नाही पाह्यलं." विनोद कुठेच नव्हता, पण आवाज तोच होता, कौतुकाचा, घरचा. रामभाऊ पडला. पानवाल्याला पुन्हा उठता आलं नाही. कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि ते हसणं अर्ध्यात राहिलं. शेंगांचा आवाज थांबला. मी तो थांबताना ऐकला.

मग शेवटचं रीळ. वाजंत्री नाही. आनंदराव स्टुलावरून उतरून पडद्याजवळ उभे राहिले आणि बोटानं दाखवत, घाई न करता, एकेक नाव घेत गेले. त्या हाडांच्या माणसांना. "हे गोविंदशेठ. हे रामभौ. हे वकीलसाहेब, हात असा झाला त्यायचा. हे सखुबाई. पोरगं बाजूले हाय. हा भिका. हा त्याच्या बुढ्याचा भाऊ, याचं नाव मालूम नाही." हॉल चूप होता. असा चूप, की मशीनची टिकटिक ऐकू येत होती. आनंदरावांना हवं होतं ते त्यांना मिळालं.

ते फार वेळ टिकलं नाही.

"अरे हरामखोर!" बाल्कनीतून आवाज आला. "मी जिता बसलो हाय इथं!"

गोविंदशेठ खाली आले ते ओरडतच. "माही बायको घरी सवाष्ण बसली हाय न् तू मले मुडद्यात टाकतं? तोंड काळं करा त्याचं!" पाठोपाठ वकीलसाहेब, पाठोपाठ बाकीचे. अभद्र बोलला, अपशकुन केला, अन् तेही रविवारी. दिवे लागले. पडद्यावर फिकट झालेली माणसं तशीच आडवी होती, त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. गोविंदशेठनी आनंदरावांचा टाय धरला.

आनंदराव म्हणाले, "शेठजी, नाव घे म्हून तुमीच तं पाकीट देल्लं होतं."

पहिली थप्पड तेव्हा बसली. पुढच्या कोणाच्या होत्या ते गर्दीत कळलं नाही. मी? मी पुढं झालो होतो. लोकांना शांत करायला म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि 'कलेकडे कला म्हणून पाहा' असं काहीसं बोललो. त्यामुळे दोन-तीन थपडा माझ्याही वाट्याला आल्या. तेवढ्या मी कलेसाठी खाल्ल्या.

नंदलालशेठनी त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. "भिक्या, पुन्हा पायरी चढू नको," म्हणाले. जुनं नाव त्यांना बरोब्बर वेळेवर आठवलं. गोविंदशेठच्या घरी अपशकुनाची शांत झाली, ब्राह्मण जेवले. वकिलांनी दृष्ट काढून घेतली. गावात कितीतरी दिवस तोच विषय. कोणाला कुठं मारलं, कोणाचं नाव आधी आलं, कोणाचं दोनदा. जे मेले नव्हते त्यांच्याबद्दल अमरावती भरपूर हळहळली. जे मेले होते त्यांच्याबद्दल मी एकही वाक्य ऐकलं नाही.

एकच सोडून. आनंदराव स्टूल घेऊन निघाले होते. स्टूल त्यांचं स्वतःचं होतं हे तेव्हा कळलं. दारात सखुबाईनं त्यांना अडवलं. मला वाटलं, हीही आता शिव्या देणार. ती म्हणाली, "भाऊ, माह्या नावाची ते बाई कोन व्हती गा? खरी?"

आनंदरावांनी स्टूल खाली ठेवलं.

"ते पोरगं तिचंच व्हतं का?"

"माईत नाही बाई," आनंदराव म्हणाले. मार खाताना सरळ राहिलेला तो माणूस या प्रश्नावर वाकला. सखुबाईनं टोपलीतून एक हार काढला, आणि तो कोणाला घालावा हे न कळून तसाच परत ठेवला.

त्यानंतर ते अकोल्याला गेल्याचं कळलं. मी शोध घ्यायला हवा होता असं तुम्ही म्हणाल. मी घेणारच होतो. दर उन्हाळ्यात घेणार होतो.

साठचं दशक संपत आलं तेव्हा अकोल्याच्या एका चित्रपट-रसिक मंडळानं मला पाहुणा म्हणून बोलावलं. रविवार सकाळ, चांगलं टॉकीज, आणि योगायोग म्हणा, तोच पिक्चर. नवी स्वच्छ प्रत. आता सांगणारा कोणी नव्हता. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, त्यांच्या बायका, सगळ्यांना इंग्रजी येत होतं, निदान येत नाही असं कोणी म्हणत नव्हतं. मी प्रास्ताविक केलं. अशी शोकांतिका पाहताना आपण नि:शब्द होतो, हे मी पाऊण तास सांगितलं. टाळ्या पडल्या, हार पडला.

अंधार झाल्यावर मागच्या रांगेत जागा शोधत गेलो, तर शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "बसा जी, स्टेशनमास्तर."

आनंदराव. केस पिकलेले, टाय नाही, पण पँटीची इस्त्री तीच. पोस्टर पाहून तिकीट काढून आले होते. एस.टी. स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचं काम करत होते. "अचलपूर, परतवाडा, मुर्तिजापूर. गावायचे नाव घेतो आता. गावं हासत नाही न् चिडत नाही." मग पडद्याकडे हनुवटी करून म्हणाले, "समोरून आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो. तिरपे नसतेच हे लोक. तुमच्या-माह्यासारखे सरळ हायेत."

शिंपी जेवला. चांदण्या शिवल्या. प्रेक्षक अतिशय चांगले होते. शिट्टी नाही, शेंगा नाहीत. मुलगी मेली तेव्हा रुमाल निघाले. वाजंत्री जोरात रडली आणि तिच्या मागोमाग अकोल्याचा प्रतिष्ठित वर्ग रडला. स्टेशनमास्तरनं हिरवी झेंडी दाखवली तेव्हा आनंदरावांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

शेवटचं रीळ आलं. यावेळी ते वाजंत्रीसकट आलं. मला शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. आनंदराव पुढं झुकले होते आणि पडद्यावरून एकेक जण सरकत होता तसं अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, नाव घेत होते. "हे सखुबाई. हे पोरगं, तिचंच. हा रामभौ. हा भिका. हा..."

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवली. चष्मा काढून ते डोळे पुसत होते.

"शूऽऽ! अहो, जरा गप्प बसता का? इतका चांगला सीन चाललाय."

आनंदरावांनी तोंड मिटलं. खिशातून खडीसाखरेचा खडा काढून गालात ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकली. पडद्यावरून माणसं जात राहिली. सगळा हॉल नि:शब्द होता. मी भाषणात म्हटलं होतं, अगदी तस्सा.